नावगाव

पोरायटिसला वय विचारलं तर तो वर्षांच्या हिशेबात सांगतो. कोणत्या साली समुद्र तापला, कोणत्या पावसाळ्यात नदी फुगून आली, भूकंपात किनारा किती वर उचलला गेला, हेही सांगतो. अगदी अणुस्फोटाची साक्षसुद्धा त्याच्या जातभाईंनी दिलेली आहे. नाव विचारलं की मात्र गप्प. म्हणजे आडनाव लपवत नाही, पोरायटिस म्हणून तो लगेच ओळखू येतो. पण पुढचं, स्वतःचं नाव काढून घ्यायला सूक्ष्मदर्शक लागतो, बाजूनं पडणारा उजेड लागतो, भरपूर चिकाटी लागते, आणि एवढं करून जे नाव हाती येतं ते खरं आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

दिसायला तो अगदी साधा. दगडी प्रवाळांच्या कुळात देखणी मंडळी कमी नाहीत. अ‍ॅक्रोपोरा फांद्या पसरून उभा असतो, टर्बिनेरिया पानासारखा उलगडतो, प्लॅटिगायराच्या पाठीवर नागमोडी वळणं असतात. त्यांच्या गर्दीत हा एक पिवळट-तपकिरी, गुळगुळीत, फुगीर धोंडा. लक्षद्वीपच्या लगूनमध्ये उथळ पाण्यात पोहायला उतरलेले लोक खुशाल त्याच्यावर पाय देऊन उभे राहतात, कारण तो जिवंत आहे हेच त्यांच्या लक्षात येत नाही. पोपटमासे त्याच्या अंगाचे लचके तोडतात, त्या पांढऱ्या ओरखड्यांवर तो पुन्हा कातडी धरतो. रंगीत पिसांचे तुरे बाहेर काढून बसणारे किडे त्याच्यात बिऱ्हाड करतात. सावली पडली की ते क्षणात आत गडप होतात, आणि हा घरमालक जागचा हलत नाही.

चिवटपणाचं कारण त्याच्या बांध्यात आहे. पुष्कळ प्रवाळांत जिवंत मांस सांगाड्यावर नुसतं पांघरलेलं असतं. पोरायटिसचा सांगाडा सच्छिद्र, त्यामुळे मांस त्या छिद्रांतून काही मिलिमीटर आत शिरलेलं. वरचं खरवडलं गेलं, पाणी तापून रंग उडाला, गाळाचा थर बसला, तरी आत थोडा जीव शिल्लक राहतो आणि तिथून तो परत पसरतो. 1998 साली हिंदी महासागरात पाणी तापलं तेव्हा फांद्यांचे प्रवाळ झपाट्यानं मेले. असे गोल, ठोकळेबाज प्रवाळ त्या मानानं बरे तगले. मालवणच्या गढूळ पाण्यात, जिथे पावसाळ्यात स्वतःचा हात दिसायची मारामार, तिथेही याची हजेरी आहे ती उगाच नाही.

आता नावाचं प्रकरण.

जिवंतपणी प्रवाळाच्या रंगावर विसंबण्यात अर्थ नसतो. रंग मुख्यतः त्याच्या मांसात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा, आणि तो उजेड, खोली, ऋतू पाहून बदलतो. आकारही फसवा. उथळ पाण्यात डोक्यावर ऊन आणि ओहोटी बसली की पोरायटिसचा माथा मरतो आणि तो कडेनं वाढून चपटा होतो. जरा खोलात तोच घुमट होतो. आणखी खोलात, उजेड कमी पडायला लागला की थाळीसारखा पसरतो. म्हणून ओळख पटवायची ती सांगाड्यावरून. नखाएवढा तुकडा घेऊन ब्लीचच्या पाण्यात ठेवायचा, मांस विरघळू द्यायचं, गोड्या पाण्यानं धुऊन वाळवायचा. उरतो तो पांढराशुभ्र चुना. दगडी प्रवाळांचं नामकरण झालं आहे ते बव्हंशी या पांढऱ्या रूपावरून.

इतर प्रवाळ या परीक्षेला सामोरे जातात तेव्हा फारसा त्रास देत नाहीत. प्रत्येक प्रवाळ म्हणजे असंख्य लहान जीवांची वसाहत, आणि प्रत्येक जीवानं स्वतःभोवती बांधलेलं चुन्याचं घर. ही घरं एकमेकांना कशी चिकटली आहेत हे आधी बघायचं. फाविटीसमध्ये शेजाऱ्यांची भिंत सामाईक. डिप्सास्ट्रियामध्ये प्रत्येकाची भिंत वेगळी आणि मध्ये चिंचोळी गल्ली. प्लॅटिगायरामध्ये भिंती पाडून खोल्या लांबलचक एक केलेल्या. घरं बहुतेक अर्धा-एक सेंटिमीटरची, डोळ्यांना दिसणारी. निदान वंश कोणता एवढं तरी पोहता पोहता सांगता येतं.

पोरायटिसची घरं एक ते दीड मिलिमीटरची. चौरस सेंटिमीटरमध्ये पन्नास-साठ सहज मावतात. नुसत्या डोळ्यांना त्याचा धुतलेला तुकडा अनारशाच्या खसखशीच्या बाजूसारखा दिसतो: बारीक जाळी, जिकडेतिकडे सारखीच. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं की त्या जाळीत षट्कोनी-पंचकोनी खळगे वेगळे होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि दिवा तिरका केला, की एकेका खळग्यातली मांडणी उभी राहते. इथे घाई करून चालत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला सगळा नुसता चुन्याचा कचरा दिसतो. टोकं, खाचा, पूल, भोकं. नजर बसायला वेळ लागतो. ती बसली की मात्र घरात कोण कुठे बसलं आहे ते कळायला लागतं.

भिंतीपासून मध्याकडे येणारी चुन्याची उभी पाती असतात. दगडी प्रवाळांत ती सहाच्या पटीत येतात. पोरायटिसला बारा. चोवीस मोजली गेली तर तो त्याचा चुलतभाऊ गोनिओपोरा समजायचा. बारा पातीच असणारा आणखी एक होता, अल्व्हिओपोरा. त्याला कितीतरी वर्षं याच घराण्यात धरलं होतं, मग जनुकं तपासली तेव्हा तो अ‍ॅक्रोपोराच्या घरचा निघाला. पाती मोजून नातं लावण्याची अशी गंमत आहे.

ही बारा पाती एका शिस्तीत बसतात. एका बाजूला एकटं पातं. त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन मिळून चार जोड्या. जोडीतली दोन पाती आतल्या टोकाशी एकमेकांकडे झुकून मिळालेली. आणि एकट्या पात्याच्या बरोब्बर समोर तिघांचं त्रिकूट. एक, आठ आणि तीन. एवढी बारीक गोष्ट, पण पोरायटिसच्या घराला पुढची आणि मागची बाजू असते ती यामुळे. पात्यांच्या आतल्या टोकांवर चुन्याच्या खुंट्या उभ्या असतात. शास्त्रात त्यांना पॅलस म्हणतात. मधोमध एक बुटका खांब, कधी नीट, कधी नावापुरता, कधी नाहीच.

सगळी भानगड त्या त्रिकुटात आहे. तिघांची टोकं एकमेकांना जुळली आहेत, आडवा दांडा घालून त्रिशूळ केल्यागत, आणि त्यांच्या वाट्याला मिळून एकच खुंटी आली आहे. शिवाय चार जोड्यांच्या चार उंच खुंट्या, म्हणजे एकूण पाच. असं दिसलं तर तो पोरायटिस लुटिया. तिघं आपापल्या जागी सुटे उभे आहेत, प्रत्येकाची स्वतःची लहानशी खुंटी आहे आणि एकूण आकडा आठाच्या आसपास जातो, तर पोरायटिस लोबाटा. हिंदी आणि प्रशांत महासागरांत हे दोघे शेजारी शेजारी वाढतात, दोघेही घुमट बांधतात, दोघेही पिवळट-तपकिरी. त्यांच्यातला फरक काय, तर टाचणीच्या डोक्याहून लहान जागेत तीन पाती एकमेकांना चिकटली आहेत की नाहीत.

हा नियम पुस्तकात वाचताना फार नेटका वाटतो. मग तुकडा फिरवावा. घुमटाच्या माथ्यावर वाढ जोरात असते, तिथली घरं उथळ आणि मोकळी. तिथे त्रिकूट सुटं दिसतं. त्याच तुकड्याच्या कडेला वाढ मंद, चुना जाड. तिथे त्रिशूळ जुळलेला. मधल्या पट्ट्यात तर एका घरात पाच खुंट्या, शेजारच्या घरात सहा, त्यापलीकडे सात आणि एक मोडकी. मग जाणकार पंचवीस-तीस घरं तपासतात आणि बहुमतानं निकाल देतात. ओळख पटवण्याचा हा प्रकार मला निवडणुकीच्या जवळचा वाटतो: जिंकलेला उमेदवार कळतो, पण पडलेली मतं नाहीशी होत नाहीत.

पोरायटिसपुढे हात टेकलेल्यांत सगळ्यात प्रामाणिक माणूस हेन्री बर्नार्ड. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जगभरातून प्रवाळांचे सांगाडे येऊन पडत होते आणि त्यांची सूची करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. टर्बिनेरिया, मग माँटिपोरा, असे खंड त्यांनी रीतसर लिहिले. नवीन जाती पाडल्या, लॅटिन नावं दिली, सगळं शिरस्त्याप्रमाणे. पुढे गोनिओपोरा आणि पोरायटिसची कपाटं उघडली आणि गाडी अडली. समोरच्या नमुन्यांत कुठे एक जात संपते आणि कुठे दुसरी सुरू होते हे त्यांना ठरवता येईना. दुसरा कोणी असता तर डोळे मिटून शंभर नावं ठोकून मोकळा झाला असता. तसं करणारे होतेही. बर्नार्ड यांनी 1903 च्या गोनिओपोराच्या खंडात आणि 1905-06 च्या पोरायटिसच्या खंडांत नावं देणंच थांबवलं. नमुना जिथून आला त्या ठिकाणाचं नाव आणि पुढे क्रमांक, बस्स. पोरायटिस, फिजी बेटं, क्रमांक अमुक. पोरायटिस, ग्रेट बॅरियर रीफ, क्रमांक तमुक. नाव कळत नाही, गाव तर नक्की आहे. मग गावच लिहू.

समव्यवसायिकांना हे रुचलं नाही. लिनियसपासून चालत आलेली दोन शब्दी नावांची पद्धत सोडायची म्हणजे शास्त्राच्या दप्तराला आग लावण्यासारखंच होतं, आणि बर्नार्ड यांची पद्धत पुढे कोणी चालवली नाही. त्यांच्या काही क्रमांकांना पुढच्या लोकांनी रीतसर नावं दिली. त्यांच्या हयातीतच, 1907 साली, अमेरिकेच्या व्हॉन यांनी हवाई बेटांवरच्या प्रवाळांवर ग्रंथ लिहिला, त्यात लोबाटा ही जात तर ठेवली, पण तिच्या पोटात 'रूपं' पाडली आणि रूपांच्या पोटात 'उपरूपं'. हीसुद्धा एका अर्थी शरणागतीच, फक्त दप्तर नीट लावून केलेली. मला बर्नार्ड अधिक आवडतात. माहीत नसलेल्याला नाव देण्यापेक्षा त्याचा पत्ता नीट लिहून ठेवणं हे जास्त शास्त्रीय आहे, असं माझं मत.

पुढे श्वासनळकांडी पाठीला बांधून शास्त्रज्ञ स्वतः पाण्यात उतरायला लागले आणि बरीच धूळ खाली बसली. ऑस्ट्रेलियाचे जॉन व्हेरॉन यांनी जिवंत प्रवाळ जागेवर पाहून, एकाच उतारावर खोलीप्रमाणे रूप कसं बदलतं हे टिपून, कपाटातल्या कितीतरी 'जाती' एकीत एक घातल्या. संग्रहालयात बसलेल्यांना जे दहा वाटत होते ते पाण्यात एकाचेच दहा अवतार निघाले. त्रिकूट आणि खुंट्यांचा हिशेब याच काळात पक्का झाला आणि आजही काम त्यावरच चालतं.

मग जनुकं आली. आता तरी सोक्षमोक्ष लागेल असं वाटलं होतं. 2009 साली पोरायटिसच्या जनुकांचा अभ्यास छापून आला तेव्हा सांगाडा एक सांगतो आणि जनुक दुसरंच, असं पुष्कळ ठिकाणी निघालं. हवाईत घुमट बांधणारा लोबाटा आणि बोटांसारख्या फांद्या काढणारा कंप्रेसा, हे लहान पोरानंही वेगळे काढावेत असे दोघे, जनुकांत वेगळे काढता येईनात. पुढच्या तपासात त्यांच्यात रक्ताची देवाणघेवाण होत असल्याचं दिसलं. उलट बाजूला, डोळ्यांना एक दिसणारे जनुकांत वेगळे पडण्याचे प्रकारही आहेत. थोडक्यात, साक्षीदार दोन झाले, पण जबान्या जुळत नाहीत.

आणि हाच पोरायटिस इतर बाबतींत किती बोलका! त्याचा घुमट मधोमध कापून सेंटिमीटरपेक्षा पातळ काप काढा आणि इस्पितळातल्या साध्या एक्स-रे यंत्राखाली धरा. फिकट पट्टा, गडद पट्टा, फिकट, गडद. एक जोडी म्हणजे एक वर्ष. वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढ. हे पट्टे खरोखर वर्षाचे आहेत हे सिद्ध झालं ते एका भयंकर योगायोगानं. प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक बेटांवर अमेरिकेनं 1948 ते 1958 या काळात अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या होत्या. नटसन, बुडेमायर आणि स्मिथ यांनी तिथल्या दगडी प्रवाळांचे काप फोटोच्या फिल्मवर ठेवले, तर किरणोत्साराच्या रेघा आपोआप उमटल्या. चाचण्यांच्या तारखा तर ठाऊकच होत्या. त्या रेघेपासून कडेपर्यंत पट्टे मोजले, हिशेब जुळला. 1972 साली हे छापून आलं आणि प्रवाळाचं वय सांगणं हे अंदाजाचं काम राहिलं नाही.

(दिवस मोजणारे प्रवाळही आहेत, पण ते फार जुने. 1963 साली जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या प्रवाळांवरच्या बारीक रेघा मोजल्या, तर एका वर्षात सुमारे चारशे भरल्या. पृथ्वी तेव्हा जास्त वेगानं फिरत होती आणि वर्षात दिवस जास्त मावत होते, हे खगोलशास्त्रज्ञांचं गणित एका चुन्याच्या तुकड्यानं पडताळून दिलं. ते प्रवाळ पोरायटिसच्या वंशातले नव्हेत. त्यांची पाती चारच्या हिशेबानं येत आणि ते घराणं केव्हाच निर्वंश झालं.)

पट्ट्यांमधल्या चुन्यात स्ट्रॉन्शियम किती मिसळलं आहे यावरून त्या महिन्यात पाणी किती गरम होतं ते कळतं: पाणी तापलं की स्ट्रॉन्शियम कमी. ऑस्ट्रेलियात बर्डेकिन नदीच्या मुखासमोरच्या पोरायटिसवर अतिनील प्रकाश टाकला तर काही वर्षांच्या रेघा चमकतात. ती पुराची वर्षं. त्याच भागातल्या सांगाड्यात बेरियमचं प्रमाण 1870 च्या सुमारापासून वाढलेलं दिसतं. गोऱ्या वसाहतवाल्यांनी नदीच्या खोऱ्यात गुरं सोडली, गवत गेलं, माती सुटली, आणि समुद्रात येणारा गाळ पाच ते दहा पट झाला. त्या मातीची नोंद ही. सुमात्राजवळच्या मेंतावाई बेटांवर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात चपट्या झालेल्या पोरायटिसच्या कडा वाचून 1797 आणि 1833 च्या मोठ्या भूकंपांत जमीन किती उचलली गेली ते ठरवलं गेलं. या एकाही कामाला त्याचं पुढचं नाव फारसं लागलं नाही. वंश पोरायटिस, एवढ्यावर भागलं.

मालदीवच्या पाथरवटांचंही भागत होतं. माले शहरातली हुकुरू मिस्की ही जुनी मशीद 1658 साली पुरी झाली, ती पोरायटिसच्या चिऱ्यांची. पाण्यातून ताजा काढलेला हा दगड करवतीनं कापता येतो, त्यावर बारीक नक्षी उठते, आणि वारा लागला की तो कडक होतो. कोणता घुमट चिऱ्याला चांगला हे त्या कारागिरांना हाताला कळत असणार, आणि त्यांनी त्रिकुटातली खुंटी मोजली नसणार.

आपल्याकडच्या कायद्यानंही शहाणपणा केला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंगतीला दगडी प्रवाळ बसवले आहेत, ते सगळेच्या सगळे, जात न विचारता. म्हणून मालवणला वाळूत सापडलेला तुकडा खिशात टाकणाऱ्या पर्यटकाला 'हा साधा दगड वाटला' ही सबब चालायची नाही, आणि वनरक्षकाला सूक्ष्मदर्शक घेऊन बंदरावर बसावं लागत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. कागदोपत्री 29.12 चौरस किलोमीटर. कोरल दाखवायला नेणाऱ्या होड्या तिथेच नांगर टाकतात, आणि नांगर तर कोणालाच जात विचारत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या गूलबूडी बेटापाशी 2021 साली एक पोरायटिस मोजला गेला. रुंदी 10.4 मीटर, उंची 5.3 मीटर, वय चारशे एकवीस ते चारशे अडतीस वर्षांच्या मधलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधीच त्याची वाढ सुरू झालेली. तिथल्या मांबारा लोकांनी त्याचं बारसं केलं: मुगा धाम्बी, मोठा प्रवाळ. शोधनिबंधाच्या शीर्षकात मात्र त्याच्यासाठी 'घनाकार पोरायटिस' यापलीकडे काही नाही.

नावाचा शोध थांबलेला नाही, फक्त त्याचा रस्ता बदलला आहे. शास्त्रज्ञ डेना यांनी 1846 साली लोबाटाला नाव दिलं ते अमेरिकी जहाजांच्या जगप्रदक्षिणेत गोळा झालेल्या सांगाड्यांवरून. अशा दीड-पावणेदोनशे वर्षं कोरड्या पडलेल्या नमुन्यांतून जनुकं काढणं महाकठीण. म्हणून आता ज्या बेटाजवळून पहिला नमुना आला त्याच बेटावर परत जायचं, त्याच पाण्यात उतरायचं, आणि जुन्या सांगाड्याशी त्रिकूट, खुंट्या, खांब जुळणारा जिवंत पोरायटिस शोधायचा. सापडला की पाण्यातच त्याचा फोटो, खोलीची नोंद, छिन्नीनं दोन लहान तुकडे. एक ब्लीचमध्ये, सांगाड्यासाठी. दुसरा अल्कोहोलमध्ये, जनुकांसाठी. दोघांची साक्ष एक निघाली तर नाव पक्कं करता येईल. तोवर बाटलीवरच्या चिठ्ठीत वंश, बेटाचं नाव आणि क्रमांक एवढंच लिहितात.